जातिवंत की गावठी?

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने कुत्रा पाळण्याचा हट्ट धरला. शेजारच्या काकांनी लगेच सल्ला दिला, "सर, घ्यायचाच तर जातिवंत घ्या. गावठीचा काय भरवसा?" माणूस सज्जन, रोज आमच्याकडे चहा घेणारा. त्यांच्या मनात काही नव्हते. पण तो शब्द माझ्या कानात घर करून बसला. चांगल्या कुत्र्याला, चांगल्या घोड्याला, चांगल्या गवयालाही आपली भाषा 'जातिवंत' म्हणते. उरलेले सगळे गावठी, नाहीतर 'क्रॉस'. शब्द अडला की त्याच्या मुळाशी जाण्याची शिक्षकी खोड मला आहे. म्हणून कुत्रा आणण्याआधी मी वाचायला बसलो.

कुत्र्याचे जातिवंतपण ठरते ते नोंदवहीवरून. ज्याचे आईबाप एकाच जातीच्या वहीत नोंदलेले, तो जातिवंत. १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला आणि वंशावळीच्या वह्या छापल्या जाऊ लागल्या. त्याआधीही शिकारीचे, मेंढरांचे, राखणीचे कुत्रे वेगवेगळे होतेच. पण माणसे काम पाहून जोडी लावीत. बाहेरचा चांगला कुत्रा मिळाला तर त्याचीही पैदास घेत. आपला धनगर आजही तेच करतो. वही आली आणि दार बंद झाले. सनातन वाटणारी ही शुद्धता जेमतेम दीडशे वर्षांची आहे, आणि तिचे नियम पुष्कळसे प्रदर्शनातल्या पंचांच्या डोळ्यांसाठी केलेले आहेत.

दार बंद झाल्यावर आत काय होते? मूठभर पूर्वजांची प्रजा आपसातच वाढते. बक्षीस मिळवलेला एकच नर असंख्य माद्यांना लावला जातो. एखादा दोष त्या पूर्वजांत दडलेला असेल तर तो सगळ्या जातीत पसरतो. २००८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी ब्रिटनमधल्या दहा जातींच्या वंशावळी तपासल्या. सुमारे २०,००० बॉक्सर कुत्र्यांमधली आनुवंशिक विविधता अवघ्या ७० कुत्र्यांइतकी भरली. बुलडॉगचे डोके इतके मोठे घडवले आहे की ब्रिटनमधल्या एका पाहणीत त्याची ८० टक्क्यांहून अधिक बाळंतपणे पोट फाडून झालेली आढळली.

पण मला सर्वांत बोलकी वाटली ती डाल्मेशियनची कथा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला हा कुत्रा सर्वांनी चित्रात तरी पाहिलेला असतो. इतर कुत्र्यांच्या शरीरात युरिक आम्लाचे रूपांतर सहज विरघळणाऱ्या पदार्थात होते. डाल्मेशियनमध्ये ते तसेच लघवीत उतरते. त्यातून खडे होतात. नराची लघवी तुंबते, वेळीच उपचार झाले नाहीत तर तो मरतो. हा दोष एका जनुकाचा, पण जातीतल्या प्रत्येक शुद्ध कुत्र्यात तो दोन्ही बाजूंनी आलेला. म्हणजे जातीच्या आत उपाय शोधायला जागाच नाही. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशिकी-शास्त्रज्ञाने एका पॉइंटर कुत्र्याशी डाल्मेशियनचा संकर केला आणि पुढल्या प्रत्येक पिढीची जोडी पुन्हा डाल्मेशियनशीच लावली. निरोगी जनुक असलेली पिले तेवढी निवडली. काही पिढ्यांनी खड्यांच्या पीडेतून सुटलेले, दिसायला डाल्मेशियनच असे कुत्रे तयार झाले. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने त्यांतल्या दोघांची नोंद केली. लगेच डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या संघटनेत गहजब उडाला. कित्येक पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा बट्टा! नोंदणी थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडले. तीस वर्षे आजार चालला, पण बाटलेले रक्त चालले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिश्र कुत्रा म्हणजे वज्रदेही नव्हे. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील विद्यापीठाने २०१३ साली २४ आनुवंशिक आजारांची तुलना केली. १० आजार जातिवंतांत अधिक निघाले, एक मिश्रांत अधिक, बाकीच्यांत फरक नाही. अंधांना वाट दाखवणारा किंवा पोलिसांचा कुत्रा हवा असेल तर पैदास केलेल्या जातीचा उपयोग आहे. पिलू किती वाढेल, केस कसे असतील, हे आधी कळते. स्वभावाचे मात्र तितके कळत नाही. अमेरिकेत १८,००० हून अधिक कुत्र्यांवर आधारलेल्या २०२२ सालच्या अभ्यासात, कुत्र्याकुत्र्यांमधल्या वागणुकीच्या फरकाचा जेमतेम ९ टक्के उलगडा जातीवरून होतो असे दिसले. काकांच्या 'भरवशा'चे उत्तर इथे आहे.

आणि गावठी कुत्रा 'मिश्र' नाहीच, हे मला फार उशिरा कळले. लॅब्रडॉर आणि अल्सेशियन यांचे पिलू मिश्र. आपल्या वेशीवरचा, तांबूस अंगाचा, उभ्या कानांचा कुत्रा अशा कुठल्या दोन जातींच्या सरमिसळीतून आलेला नाही. (शहरांत आता विलायती रक्त मिसळले आहे, ते सोडा.) तो वह्यांच्या कितीतरी आधीचा. अशाच सर्वसाधारण कुत्र्यांतून थोडे बाजूला काढून, कोंडून जाती घडवल्या गेल्या. शुद्ध होते ते बिघडले आणि गावठी झाले, ही समजूत पूर्ण उलटी आहे.

या कुत्र्याला इंग्रजांनी नाव दिले 'परिया डॉग'. परैयर ही तमिळ प्रदेशातली अस्पृश्य ठरवली गेलेली जात. तिचे नाव परै या ढोलावरून आले असे सामान्यतः मानतात. ढोल वाजवणाऱ्या माणसांचे नाव इंग्रजीत 'बहिष्कृत' या अर्थाने रुळले आणि तिथून कुत्र्याला चिकटले. कुत्र्यांवरच्या पुस्तकांत ते अजून छापले जाते. साहेबाला तरी एकट्याला दोष का द्या? चांडाळांनी गावाबाहेर राहावे, कुत्रे आणि गाढवे हेच त्यांचे धन, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. वर्णसंकराची लांबलचक यादीही त्याच अध्यायात आहे.

डाल्मेशियनची गोष्ट मी एका अभ्यासवर्गात सांगितली तेव्हा एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, "म्हणजे आंतरजातीय लग्नाची संतती सुदृढ होते, हे सिद्धच झाले!" टाळ्या पडल्या. मी अस्वस्थ झालो. मराठीत कुत्र्याच्या आणि माणसाच्या जातीला एकच शब्द आहे, म्हणून हा घोटाळा सोपा होतो. जातींना वेगवेगळे वंश मानणे हा वस्तुस्थितीचा विपर्यास आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. आंतरजातीय विवाहाचा आग्रह त्यांनी धरला तो माणसांत आप्तपणाची भावना यावी म्हणून. पैदास सुधारावी म्हणून नव्हे. उद्या शास्त्राने उलटा कौल दिला तर आपण लग्ने मोडणार आहोत काय? त्या तरुणाला हे पटले की नाही, कोण जाणे.

मुलीच्या समाधानासाठी एका विक्रेत्याकडेही जाऊन आलो. लॅब्रडॉरच्या पिलाचे पंचवीस हजार. सोबत तीन पिढ्यांच्या नावांचा गुळगुळीत कागद. माझ्या जात-पडताळणीच्या वेळी १९५० पूर्वीचा पुरावा शोधत मी महिनाभर हिंडलो होतो. या पिलाचे पणजोबा छापून तयार! आई दाखवा म्हटले तर टाळाटाळ. आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकू नये असा २०१७ चा नियम आहे, तोही त्याला ठाऊक नव्हता. आई पाहिल्याशिवाय पिलू घेऊ नये, मग ते कोणतेही असो.

शेवटी मोंढ्यातल्या चहाच्या टपरीमागची एक पिल्ली आणली. तिची आई रोज पाहण्यातली. शांत, अनोळख्यावर उगाच न धावणारी. पशुवैद्यकांनी जंताचे औषध दिले, कार्ड भरले आणि 'जात' या रकान्यात 'नॉन-डिस्क्रिप्ट' लिहिले. वर्णन न करता येणारा, असा त्याचा अर्थ. सरकारी पशुगणनेत गावठी गुरांनाही हाच शब्द आहे. मुलीने ते वाचले, आणि कार्डाच्या मागच्या बाजूला तांबूस रंग, पांढरे पंजे, डाव्या कानाला कात्रा, असे स्वच्छ अक्षरात वर्णन लिहून काढले. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस झाली. आता नसबंदीची तारीख घ्यायची आहे.