महागडी लेन्स : विकत की भाड्याने?

निकाह-वलीम्याचे फोटो काढणाऱ्या आपल्या बऱ्याच बंधूंपुढे हा सवाल आहे : ७०-२०० ची लेन्स एफ २.८ ची घ्यावी, की वजनाला हलकी, स्वस्त एफ ४ ची?

२.८ मधून दुप्पट उजेड आत येतो. मंद दिव्यांच्या हॉलमध्ये ४ वर शटर १/६० मिळत असेल, तर २.८ वर १/१२५ मिळते आणि मुसाफ्याचे हात कमी धूसर होतात. स्टॅबिलायझर फक्त आपल्या हाताचा कंप आवरतो, समोरच्याची हालचाल नव्हे. दुकानदार हे सहसा सांगत नाही.

मात्र आजचे चांगले कॅमेरे आयएसओ ६४०० वरही कामाचा फोटो देतात. उजेडाची तूट तिथे बरीच भरून निघते. पार्श्वभूमी विरघळवण्याची खुबी मात्र २.८ चीच.

मी कापडवाला. गिऱ्हाईक पाहिल्याशिवाय थान उचलत नाही. गेल्या हंगामात ही लेन्स खरोखर किती दिवस लागली असती, ते वहीतून काढा. तीन वर्षांचे तेवढे भाडे किमतीच्या निम्म्यावर जात नसेल, तर भाड्यानेच आणा. हप्त्यावर घेणाऱ्यांनी त्यात व्याज किती मुरले आहे ते आधी विचारावे.

जुनी घ्यायची तर टॉर्च मारून आत बुरशी पाहा. कोकणच्या दमट हवेत ती लवकर धरते.