एकच प्रोग्राम, तीन संगणक : गिऱ्हाइकाला परका वाटू नये

संगणकाचे शिक्षण घेऊन नोकरीची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्याच भागातील दुकानदारांसाठी बिलाचे प्रोग्राम लिहून विकणे हा एक चांगला धंदा आहे. मात्र असा प्रोग्राम हिशेबात पास होऊनही गल्ल्यावर नापास होऊ शकतो.

बोर धरणाच्या वाटेवरील हिंगणी (ता. सेलू, जि. वर्धा) या गावासारखी बाजारपेठ डोळ्यांपुढे आणा. कपाशी-सोयाबीनचा हा पट्टा. पहिला पाऊस पडला की कृषी केंद्रापुढे बियाण्यांसाठी रांग लागते. बियाणे उगवले नाही तर तक्रारीसाठी लॉट नंबर लिहिलेले पक्के बिल लागते. अशा गर्दीत बिल करणाऱ्या मुलाचा हात चुकून 'रद्द'वर पडला तर भरलेले सारे गेले, आणि रांगेतील शेतकरी खोळंबला तो वेगळाच.

हात चुकतो कसा? विंडोजमध्ये 'ओके' डावीकडे आणि 'कॅन्सल' त्याच्या उजवीकडे असते. मॅकवर व लिनक्सच्या ग्नोममध्ये क्रम उलटा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने मॅकवर बसून बटणांच्या जागा पक्क्या केल्या आणि दुकानात विंडोज असले की घोटाळा ठरलेला. गर्दीत कोणी बटण वाचत नाही. हात जागा ओळखतो.

ही अडचण जुनी आहे. १९९६ साली जावा आली तेव्हा तिने प्रत्येक संगणकाची स्वतःचीच बटणे वापरली. पण जे सर्वत्र होते तेवढेच घेता येई. १९९८ अखेर आलेल्या 'स्विंग'ने बटणे स्वतः रंगवली. 'मेटल' नावाचे ते रूप सगळीकडे सारखे, म्हणून सगळीकडेच परके. आजही स्विंग वापरणाऱ्याने यजमान संगणकाचे रूप मागून घ्यावे. एका ओळीचे काम आहे, तरी पुष्कळ जण ते करत नाहीत. १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात सुरू झालेले 'डब्ल्यूएक्सविजेट्स' शक्य तेथे यजमानाचीच बटणे घेते. नॉर्वेत जन्मलेले 'क्यूटी' स्वतः रंगवते, पण हुबेहूब नक्कल करते, आणि बटणांचा क्रम त्या त्या संगणकाप्रमाणे लावून देण्याची सोयही त्यात आहे. ब्राउझरच पोटात घेऊन येणारे 'इलेक्ट्रॉन' सोपे खरे, पण दुकानातील जुन्या संगणकाला ते जड जाते.

मराठीत आणखी एक पेच आहे. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बटण आखले की वरची वेलांटी आणि रफार कापले जातात. विंडोजवर 'निर्मला', मॅकवर 'कोहिनूर', लिनक्सवर 'लोहित' किंवा 'नोटो', असे प्रत्येकाचे वळण व रुंदी निराळी. म्हणून फॉन्टचे नाव आणि बटणाची लांबी-रुंदी प्रोग्राममध्ये कायमची कोरू नये. मजकुराप्रमाणे ते मोठे होऊ द्यावे. रक्कम १२,३४,५६७ अशीच दिसली पाहिजे. लाखाऐवजी मिलियनच्या हिशेबाने स्वल्पविराम पडलेले बिल पाहून दुकानदाराचा विश्वास उडतो, आणि त्यात त्याचे काय चुकले?

येथे कोणी विचारील, बंगळुरूच्या 'टॅली'चे काय? ती कधीच विंडोजसारखी दिसली नाही, तरी हिशेबनीस तिला सोडत नाहीत. कारण एफ-५ दाबले की पेमेंट, एफ-८ दाबले की विक्री, ही सवय वर्षानुवर्षे बोटांत मुरली आहे. ती सवय लावायला टॅलीला १९८६ पासूनचा काळ मिळाला. नवशिक्याला तो कोण देणार? तेव्हा आमचे मत असे की फाइल उघडणे, छपाई, 'ओके-कॅन्सल' हे सारे यजमान संगणकावर सोपवावे. बिलाचा मुख्य पडदा मात्र दुकानाच्या बिलबुकासारखा आखावा, म्हणजे नाव, लॉट नंबर, नग, दर, रक्कम, त्याच क्रमाने. माऊसला हात न लावता बिल पुरे झाले पाहिजे.

भांडवलाचे म्हणाल तर डब्ल्यूएक्सविजेट्स वापरून केलेला प्रोग्राम विकण्यास शुल्क नाही. क्यूटीचा मुख्य भाग २००९ पासून एलजीपीएल परवान्याखालीही मिळतो. त्याच्या अटी पाळल्या तर पैसे लागत नाहीत, पण काही भागांचा परवाना वेगळा असल्याने आधी तो वाचून घ्यावा. खरा खर्च तपासणीचा. तिन्ही तऱ्हेचे संगणक उसने मिळवावेत, आणि विंडोजचा तरी एखाद्या दुकानातलाच, जुना घ्यावा.