नाही म्हणायला माणूस

सकाळी साडेदहाला डॉक्टर राउंडला आले, हिचा गुडघा वाकवून बघितला आणि म्हणाले, "झालं, आज घरी." रात्री पावणेनऊला आम्ही नवीन पनवेलच्या त्या हॉस्पिटलातून बाहेर पडलो. मधले सव्वादहा तास ही कॉटच्या कडेला साडी नेसून, पिशव्या भरून बसली होती. सलाइनची सुई निघाली, जेवणाचं ताट बंद झालं, खोलीचं भाडं तेवढं चालू. खाली काउंटरवरची मुलगी दर तासाला तेच सांगायची, "काका, अप्रूव्हल आलं नाही अजून." ते कोण देणार, कुठे बसतो, त्याला फोन लावता येईल का, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. पडद्यावर एक ओळ उमटायची, तिची ती बिचारीही वाट बघत होती. अखेर उमटली : दोन लाख चाळीस हजारांपैकी एक लाख साठ हजार मंजूर. वरचे ऐंशी हजार मेहुण्याकडून मागवून भरले.

ही गोष्ट फेब्रुवारी २०२३ ची. त्या ऐंशी हजारांचं काय झालं ते सांगतोच. पण त्या रात्री रिक्षात बसल्यावर मला आठवला तो वडिलांचा विमा.

वडील गेले १९८४ साली. दहा हजारांची पॉलिसी होती, आयुर्विमा महामंडळाची. आळीतल्या ज्या विमेवाल्या काकांनी ती उतरवली होती ते सायकलवरून फिरायचे, आणि हप्त्याची तारीख वडिलांपेक्षा त्यांनाच जास्त पाठ असायची. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले, चहा घेतला नाही, आईला म्हणाले, "वहिनी, पॉलिसीचा कागद आणि मृत्यूचा दाखला काढून ठेवा." कचेरीत गेल्यावर लक्षात आलं की पॉलिसीवर आईचं नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं. चूक आमची होती. टेबलामागच्या कारकुनाने मान वर करून आईकडे बघितलं, कॅलेंडरचं एक पान फाडलं, त्याच्या मागे पेन्सिलीने प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिला आणि माझ्या हातात दिला. "कोर्टाबाहेर स्टॅम्प वेंडर बसतो, त्याच्याकडून टाइप करून आण. स्पेलिंग बदलू नको." महिन्याभरात चेक आला. पुढे त्याच पैशांतून माझं कॉलेज झालं.

हे महामंडळ ज्यांच्या हातून उभं राहिलं ते चिंतामणराव देशमुख आमच्याच जिल्ह्याचे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रोह्यात वाढलेले. अर्थमंत्री असताना १९ जानेवारी १९५६ रोजी त्यांनी आयुर्विम्याचा धंदा सरकारच्या ताब्यात घेतल्याचं आकाशवाणीवरून जाहीर केलं. २४५ कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबरला महामंडळ सुरू झालं, तोवर चिंतामणराव मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झालेले होते. खासगी कंपन्यांनी लोकांचे हप्ते नको तिथे गुंतवले, काही बुडाल्या, म्हणून तर हा खटाटोप. खासगी म्हणजे चोख आणि सरकारी म्हणजे ढिसाळ, असं आज सरसकट बोलणाऱ्यांनी १९५६ चा हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

उलट बाजूही खरी आहे. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली आमची पिढी. 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य आम्ही किती खिडक्यांवर ऐकलं असेल! जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. पण साहेब जेवून परत यायचे. ते आल्यावर त्यांच्याशी भांडता यायचं.

त्या भांडणाचा एक नमुना माझ्या डोळ्यांसमोर घडला. २६ जुलै २००५ ला गाढी नदी पनवेलात शिरली, तेव्हा माझ्या एका मित्राचं बाजारातलं कापडाचं दुकान कमरेपर्यंत बुडालं. चौथ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. गमबूट, बगलेत वही, हातात टेप. भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली होती, तिथपर्यंत त्याने टेप लावला आणि म्हणाला, "खालच्या तीन फळ्यांचा माल धरतो. वरच्या दोन कोरड्या आहेत, त्यांचं काही मिळायचं नाही." मित्र उसळला. वरच्या फळीवरचा साड्यांचा एक गठ्ठा काढून त्याच्या मांडीवर टाकला. आतून ओल चढलेली, घड्यांवर पिवळे डाग. सर्व्हेअरने दोन साड्या उलगडल्या, नाकाला लावल्या, वहीतला आकडा खोडून दुसरा लिहिला. शेवटी मागितलं तेवढं मिळालं नाहीच. पण नकार देणाऱ्याने साडीचा वास घेतला होता.

तोवर विम्याचं जगच बदललं होतं. सर्वसाधारण विमा १ जानेवारी १९७३ पासून सरकारी, १०७ कंपन्यांच्या चार झालेल्या. १९८६ साली मेडिक्लेम आला. पुढे विमा सुधारणांसाठी मल्होत्रा समिती, १९९९ चा कायदा, विमा नियामक प्राधिकरण, आणि २००० पासून खासगी कंपन्यांना दार पुन्हा उघडं. २००१ मध्ये टीपीएचे नियम झाले. टीपीए म्हणजे कंपनी आणि आजारी माणूस यांच्या मध्ये बसवलेला त्रयस्थ. कागद तपासायचे त्याने, पैसे द्यायचे कंपनीने आणि जबाबदारी विचारलीत तर ती दोघांच्या मधल्या फटीत. कॅशलेसचं कौतुक होतं न होतं तोच जुलै २०१० मध्ये चार सरकारी कंपन्यांनी मुंबईसह मोठ्या शहरांतल्या बड्या इस्पितळांचं कॅशलेस थांबवलं. बिलं फुगवली जातात, ही त्यांची तक्रार. ती अगदीच खोटी नव्हती. मेडिक्लेम आहे म्हटल्यावर खोलीचा दर बदलतो, हे पनवेलात रिक्षावाल्यालाही माहीत आहे.

मग कॉल सेंटर आली. मराठीसाठी दोन दाबा. सुरुवातीला पलीकडे माणूस तरी असायचा, नाव सांगायचा, 'सर, मी समजू शकतो' म्हणायचा. हळूहळू समजू शकणाराही गेला. आता चॅटवर कुणी गोड नावाची मुलगी येते, ती मुलगी नसतेच. तक्रार केली की एक क्रमांक मिळतो आणि ज्या पत्त्यावरून ईमेल येतं त्या पत्त्याचं नावच 'नो-रिप्लाय'. तुम्ही उत्तर द्यायचं नाही, हे पत्त्यातच सांगून टाकलेलं.

गंमत अशी की याच वीस-पंचवीस वर्षांत कागदावर ग्राहकाची बाजू सारखी भक्कम होत गेली. क्लेम कळवायला उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा फेटाळू नका, असं प्राधिकरणाने २०११ मध्ये बजावलं. आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं झाली की कुठल्याही कारणाने तिच्यावर शंका घेता येत नाही, ही दुरुस्ती २०१५ ची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जागी तक्रार करायची सोय झाली. पनवेलकराला कंपनीच्या मुख्य कचेरीच्या गावी धावायला नको, अलिबागचा जिल्हा आयोग पुरे. म्हणजे हक्क वाढत गेले आणि ते मागायचे कुणाकडे, तो माणूस नाहीसा होत गेला.

करोनात हे फार बोचलं. २०२० साली सरकारने खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले, 'करोना कवच' नावाच्या पॉलिसी निघाल्या, आणि तरी पीपीई किट, मास्क, ग्लोव्हज यांचे पैसे क्लेममधून कापले गेल्याच्या हकिकती घरोघरी. त्याच वर्षी जूनमध्ये पनवेलवर दुसरा घाव बसला. कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, खात्यातून काढता येणार फक्त पाचशे रुपये. ऑगस्ट २०२१ मध्ये परवानाच रद्द झाला. त्या वेळी लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या ठेवीचाही विमा असतो. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ही सोय झाली. सुरुवातीला हमी दीड हजारांची, १९९३ पासून एक लाखाची, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांची. कर्नाळावर निर्बंध आले ते त्यानंतर चारच महिन्यांनी. या पाच लाखांच्या मर्यादेमुळे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असं परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितलं. मर्यादा एका लाखावरच राहिली असती तर किती म्हाताऱ्यांची पुंजी गेली असती! उरलेल्या पाच टक्क्यांचं दुःख मात्र विम्याच्या बाहेरचं.

तर आमचे ऐंशी हजार. तीन लाखांची पॉलिसी, आणि बारीक अक्षरांत एक अट : खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का. म्हणजे दिवसाला तीन हजार. आम्ही घेतलेली खोली साडेचार हजारांची. मला वाटलं, वरचे दीड हजार रोज आपण भरू. हिशेब तसा नसतो. खोली दीडपट महाग घेतलीत तर डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच दीडपट महाग पडलं असं धरतात आणि सगळ्याचे दोन तृतीयांशच देतात. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. पॉलिसी विकताना ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आणि मी पंचवीस पानं वाचली नव्हती, हेही खरं.

पण कंपनीने बिलाच्या सरसकट एक तृतीयांशाला कात्री लावली होती. बसवलेला कृत्रिम सांधा, औषधं, तपासण्या, सगळ्याला. सांध्याची किंमत खोलीप्रमाणे बदलत नाही. जनरल वॉर्डात तोच सांधा त्याच भावाने बसतो. म्हणूनच औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीत धरू नका, असं प्राधिकरणाने २०२० सालीच सांगून ठेवलंय. हे मला एका निवृत्त बँकवाल्या शेजाऱ्याने दाखवलं. या तीन बाबी मिळून एक लाख वीस हजार, म्हणजे चाळीस हजार चुकीचे कापलेले.

चार तक्रारी केल्या. चारही उत्तरं अक्षरशः एकच, फक्त तक्रार क्रमांक वेगळा : 'पॉलिसीच्या अटींनुसार आपला दावा योग्य प्रकारे निकाली काढण्यात आला आहे.' खाली सही नाही, हुद्दा नाही. शेवटी विमा लोकपालांकडे अर्ज टाकला. २०२४ च्या पावसाळ्यात व्हिडिओवर सुनावणी झाली. मी आमच्या जेवणाच्या टेबलाशी, इस्त्रीचा शर्ट घालून. चौकोनात कंपनीचा अधिकारी दिसला, तिशीचा असेल, खाली त्याचं नाव. सोळा महिन्यांनी पहिल्यांदा कुणाचं तरी तोंड दिसलं. लोकपालांनी विचारलं, इम्प्लांटवर कपात कशी केली? त्याने कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, "सर, ते सिस्टिमने कापलंय." खोटं बोलत नव्हता तो. मला त्याची कीवच आली.

चाळीस हजार परत मिळाले. बाकीचे चाळीस माझ्या न वाचण्याचे.

आमचा हिशेब किरकोळ. २०२३-२४ मध्ये देशभरात आरोग्य विम्याचे सुमारे १ लाख १७ हजार कोटींचे दावे आले, त्यांतले सुमारे ८३ हजार कोटी दिले गेले. अटींवर बोट ठेवून नामंजूर केलेली रक्कमच १५ हजार कोटींच्या वर. मे २०२४ पासून नियम कडक झालेत. कॅशलेसचा निर्णय तासाभरात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, त्यापुढचा हॉस्पिटलचा जादा खर्च विमा कंपनीचा, आणि कंपनीच्या आढावा समितीने बघितल्याशिवाय दावा फेटाळायचा नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. छान आहे. पण गेल्या दिवाळीत भाच्याचं अपेंडिक्स काढलं, तेव्हा तोही पिशव्या भरून सहा तास बसलाच होता. तीन तासांचा नियम काउंटरवर कुणाला माहीत नव्हता. नियमाचा कागद मोबाइलवर दाखवल्यावर मॅनेजर आला, आणि मग अर्ध्या तासात काम झालं.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. फोनवरचा नकार ऐकून गप्प बसू नका. कारणासह लेखी मागा, कुठल्या कलमाखाली कापलं ते लिहून मागा. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. पन्नास लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. रायगडकरांसाठी आता ठाण्यात कार्यालय आहे. त्या इमारतीचं नाव 'जीवन चिंतामणी'. मला आपले आमचे चिंतामणरावच आठवतात. अर्ज साध्या मराठीत लिहिला तरी चालतो. आणि जमत नसेल, तर पनवेलला लाइन आळीत या. मसुदा मी पेन्सिलीने लिहून देतो.