यंत्राचा दोष किती, अंड्याचा किती?

कोकण किनाऱ्यावरच्या तोंडवली गावाला अंडी उबवणं नवं नाही. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची घरटी राखली जातात, परड्यात खुडूक कोंबडी असतेच. आता कोकणात थर्माकोलचा डबा, बल्ब आणि थर्मोस्टॅट जोडून गावठी पिल्लं काढणारेही आहेत. पिल्लं कमी निघाली की खापर फुटतं ते यंत्रावर. बहुतेक वेळा यंत्राचा त्यात फारसा दोष नसतो.

‘डब्यात पाणी जितकं जास्त, तितकी पिल्लं चांगली’ हा समज सगळ्यात महाग पडतो. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस लागतात. त्यातल्या पहिल्या 18 दिवसांत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्के घटलंच पाहिजे. कवचाच्या छिद्रांतून ओल बाहेर जाते आणि रुंद टोकाची हवेची पोकळी मोठी होते. पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. हवा फार दमट असली तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच मरतं. ते बघून मालक पुढच्या खेपेला आणखी एक वाटी पाणी ठेवतो!

‘किनाऱ्यावर पाणी लागतच नाही’ हेही अर्धसत्य. पावसाळ्यातली 27 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची हवा डब्यात 37.5 अंशांवर तापली की तिची आर्द्रता 47 टक्क्यांच्या आसपास उतरते. सुरुवातीला हवी असते 50 ते 55 टक्के, म्हणजे थोडं पाणी पुरतं. थंडीत, कोरडा वारा सुटला की तोच डबा तिशीच्या खाली जाऊ शकतो. शेवटच्या तीन दिवसांत मात्र 65 ते 70 टक्के आर्द्रता हवीच, नाहीतर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. स्वस्त आर्द्रतामापकापेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवावा: 50 ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी 44 ग्रॅमच्या आसपास भरलं, तर पाणी बरोबर आहे.

अंडी फिरवण्याबाबत कासवाचा नियम कोंबडीला लावू नये. कासवाचा गर्भ काही तासांतच कवचाला आतून चिकटतो, म्हणून ती अंडी हलवायची झाली तर वरची बाजू वरच ठेवतात. कोंबडीचं अंडं एकाच कुशीवर राहिलं तर गर्भ पापुद्र्याला चिकटून मरतो. अठराव्या दिवसापर्यंत ते दिवसातून निदान तीनदा फिरवावं. त्यानंतर थांबावं.

तापमानाचंही तसंच. वाळू किती तापली यावर कासवाचं पिल्लू नर की मादी हे ठरतं. त्यावरून ‘डबा जरा गरम ठेवला की तलंगा जास्त निघतात’ असा तर्क कोणी केला, तर तो फसवा आहे. कोंबडीत लिंग आईच्या गुणसूत्रावर, अंडं घालण्याआधीच ठरतं. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, हीही थापच. उष्णता वाढवून मिळतात ती मेलेली पिल्लं.

मिरगाच्या गडगडाटाने अंडी नासतात म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवणारे आहेत. आवाजाने गर्भ मरत नाही. गडगडाटाबरोबर वीज जाते, तो खरा धोका. तरी घाबरून जाऊ नये. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज उठते. तासभर वीज गेली तर डबा उघडू नका, वर गोधडी टाका. गारव्यापेक्षा अतिउष्णता जास्त घातक असते.

बाजारातली पांढरी अंडी यंत्रात ठेवून उपयोग नाही, त्या फार्मवर कोंबडाच नसतो. घरची अंडीही आठवडाभराहून जुनी नसावीत, ती धुऊ नयेत, फ्रीजमध्ये ठेवू नयेत.

आता यशाचा हिशेब. समजा 50 अंडी ठेवली, त्यातली 40 फलित होती आणि 34 पिल्लं निघाली. एकूण अंड्यांवर हे 68 टक्के, पण फलित अंड्यांवर 85 टक्के. म्हणजे यंत्राने काम चोख केलं, कमी पडला कोंबडा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा.

म्हणून बाविसाव्या दिवशी उरलेली अंडी उकिरड्यावर टाकण्याआधी फोडून बघा. आत नुसता बलक असेल तर अंडं बहुधा फलितच नव्हतं. रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ पहिल्या आठवड्यातच गेला, साठवण आणि तापमान तपासा. पूर्ण वाढलेलं, ओलंचिंब पिल्लू असेल तर पुढच्या खेपेला पाणी कमी करा.