भंडाऱ्याच्या शेजारचे करमुक्त क्षेत्र

समुद्राविना बंदर

भंडारा जिल्ह्यापासून जवळची मोठी बंदरेसुद्धा शेकडो किलोमीटर दूर आहेत. तरी बंदरावरची बरीच कामे नागपुरातच उरकतात. अजनीच्या कंटेनर डेपोत सीमाशुल्क खाते माल तपासते, कंटेनरला सील लागते आणि तो रेल्वेने न्हावाशेवा बंदराला जातो. त्याच नागपुरात मिहान प्रकल्पाचे विशेष आर्थिक क्षेत्र आहे.

सवलत कशी चालते?

भारताने 1965 मध्ये कांडला बंदराजवळ आशियातले पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू केले. 1973 मध्ये मुंबईत सीप्झ हे तसेच क्षेत्र आले. विशेष आर्थिक क्षेत्रांची आजची व्यवस्था 2005 च्या कायद्यावर उभी आहे. शुल्काच्या हिशेबात असे क्षेत्र देशाबाहेरचे धरले जाते. परदेशी कच्चा माल आणि यंत्रे तिथे आयात शुल्काविना येतात. तयार माल देशातच विकला तर मात्र शुल्क भरावे लागते. पाच वर्षांच्या हिशेबात प्रत्येक उद्योगाला खर्चापेक्षा जास्त परकीय चलन मिळवून दाखवावे लागते.

शेजारच्या जिल्ह्याला काय मिळते?

माझ्या मते खरा फायदा या क्षेत्राच्या कुंपणाबाहेर आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मिहानच्या क्षेत्रातल्या कंपनीला तिच्या मंजूर कामासाठी माल पुरवला, तर जीएसटीत तो पुरवठा निर्यातीसारखाच शून्य दराचा ठरतो. हमीपत्र देऊन कर न लावता माल पाठवता येतो, किंवा कर भरून परतावा घेता येतो. म्हणजे भंडाऱ्यातला सुटे भाग बनवणारा छोटा कारखानदार जहाज न पाहताही ही सवलत मिळवू शकतो. वरठीला पोलाद तयार होते, तेव्हा धातूकामाची जाण जिल्ह्यात आहेच.

रोजगाराचेही तसेच. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, विमान दुरुस्तीचे केंद्र आहे. तिथे आयटीआय झालेल्या मुलांना वाव आहे.

धानाचे काय?

इथे अपेक्षा आवरती घ्यावी लागते. भंडाऱ्यातल्या राईस मिलला आयात कच्चा माल लागतच नाही, त्यामुळे शुल्कमाफीचा तिला फारसा उपयोग नाही. तिचे भवितव्य दिल्लीच्या निर्णयांवर अवलंबून असते. जुलै 2023 मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली, ती सप्टेंबर 2024 मध्ये खुली झाली. धान उत्पादकाला स्थिर निर्यात धोरण आणि स्वस्त रेल्वे वाहतूक हवी. छोट्या कारखानदाराला हवी ती शून्य दराच्या कागदपत्रांची माहिती, आणि ती जिल्हा उद्योग केंद्राने तालुक्याला जाऊन द्यायला हवी.