खेळ, खेळगडी आणि कर्करोग : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्करोगाचे निदान झालेली एखादी व्यक्ती उपचार चालू असतानाही रोज काही तास गेम खेळते, हे ऐकल्यावर बहुतेकांच्या मनात दोनपैकी एक भावना उमटते : एक तर ‘तेवढाच बिचाऱ्याला विरंगुळा’ अशी दया, नाही तर ‘आता तरी ते मोबाइलमध्ये डोके घालून बसणे सोडावे’ अशी नाराजी. या दोन्ही भावनांमागे रोगाविषयीचे जितके, तितकेच खेळाविषयीचेही अज्ञान असते. येथे गेमिंग म्हणजे संगणकावर, मोबाइलवर किंवा टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर खेळले जाणारे खेळ, आणि त्यांच्याच जोडीला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारखे, टेबलाभोवती बसून फासे टाकत आणि सर्वांनी मिळून कथा पुढे नेत खेळले जाणारे भूमिकाखेळ अभिप्रेत आहेत. पैसे लावून खेळायची रमी त्यात येत नाही. भारताच्या संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यानेही पैशांचे खेळ एकीकडे आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ दुसरीकडे अशी विभागणी केली आहे. घरातल्या वादांमध्ये मात्र ती अजून पोहोचलेली दिसत नाही.

सर्वांत जुना समज असा की, पडद्यातून निघणाऱ्या किरणांमुळे कर्करोग होतो. पडद्याचा प्रकाश आणि वाय-फायच्या लहरी ही आयनीकरण न करणारी प्रारणे आहेत, म्हणजे क्ष-किरणांप्रमाणे अणूमधील इलेक्ट्रॉन उखडून डीएनएचे रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. बैठेपणाची गोष्ट वेगळी आहे. शारीरिक हालचालीचा अभाव आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा संबंध अनेक अभ्यासांतून पुढे आलेला आहे, परंतु तो धोका खुर्चीचा आहे, खेळाचा नव्हे, आणि कचेरीत दिवसभर फायलींसमोर बसणाऱ्यालाही तो तितकाच लागू पडतो.

याच समजाची दुसरी बाजू अधिक घातक ठरू शकते, कारण गेमरचे कोणतेही दुखणे खेळाच्या खात्यावर टाकण्याची सवय घरच्यांना आणि स्वतः खेळणाऱ्यालाही लागलेली असते. ‘माइनक्राफ्ट’ या खेळामुळे जगभर ओळखला जाणारा अमेरिकन यूट्यूबर टेक्नोब्लेड याचा हात २०२१ मध्ये दुखू लागला, तेव्हा सतत खेळल्याने आलेला हा ताण असावा असेच त्याला प्रथम वाटले. तपासणीत मात्र सार्कोमा, म्हणजे हाडे, स्नायू, मेद अशा आधार देणाऱ्या ऊतींमध्ये उद्भवणारा कर्करोग आढळला आणि जून २०२२ मध्ये वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. हाताच्या बहुतेक दुखण्यांचे कारण खरोखरच ताण हे असते, हे मान्य करूनही विश्रांतीने न थांबणारे, रात्री जागवणारे किंवा सुजेसह वाढत जाणारे दुखणे ‘गेममुळे’ असे म्हणून सोडून देण्याजोगे नसते. पंधरा ते एकोणचाळीस या वयातील रुग्णांचा कर्करोगशास्त्रात स्वतंत्र गट मानला जातो, आणि खेळणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग नेमका याच वयाचा असतो.

उपचार सुरू झाल्यावर ‘शक्ती वाचवायची तर खेळ बंद’ असा सल्ला हमखास मिळतो. कर्करोगाचा थकवा हा कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो, झोप घेऊनही तो जात नाही, आणि वैद्यकीय अनुभव असा की अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल इतक्या हालचालीने तो काहीसा आटोक्यात येतो. तेव्हा खेळ बंद करण्याने शक्ती साठत नाही. दिवसाच्या ज्या प्रहरी थोडी तरतरी असते त्या प्रहरी काय करायचे हे ठरवावे लागते, इतकेच. व्यसनाच्या भीतीबद्दलही असेच म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंगविकाराची नोंद आहे, पण तिचे निकष तासांचे नाहीत : खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, नुकसान होत असूनही तो चालू राहणे, आणि हे सारे साधारणतः वर्षभर टिकणे, असे ते आहेत. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी एकांत खोलीत ठेवलेला तरुण दिवसातले आठ तास खेळला, तर त्यावरून विकाराचे निदान होत नाही. तो औषधाची वेळ किंवा जेवण चुकवू लागला, तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घालणे योग्य.

शरीरात होणारे बदल खेळावर नेमका काय परिणाम करतात, याविषयी फारसे बोलले जात नाही, आणि रुग्णाला व त्याच्या सवंगड्यांना खरी गरज असते ती याच माहितीची. व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन यांसारख्या केमोथेरपीच्या औषधांमुळे हातापायांच्या टोकांकडील नसांना इजा पोहोचते, बोटांना मुंग्या येतात किंवा ती बधिर होतात, आणि कंट्रोलरवरचे बटण दाबले गेले की नाही हे नुसत्या स्पर्शाने कळेनासे होते. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर तर थंड वस्तू हातात धरणेही काही दिवस त्रासाचे होते. स्मरण आणि एकाग्रता मंदावते, ज्याला रुग्ण ‘केमो ब्रेन’ म्हणतात. परिणामी क्षणार्धात प्रतिसाद मागणाऱ्या नेमबाजीच्या खेळात कालपर्यंत पुढे असलेला खेळाडू मागे पडू लागतो आणि सोबतच्यांना ते आळस वाटते. यावर उपाय आहेत : प्रत्येकाला विचार करायला वेळ देणारे पाळीपाळीचे खेळ, बटणांची फेररचना, किंवा हालचालींवर मर्यादा असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरसारखी साधने, ज्यांना मोठी बटणे व बाहेरचे स्विच जोडता येतात. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडमुळे झोप उडते, हाही उपचारांचाच भाग. पुण्यात पहाटेचे तीन वाजलेले असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळ असते, आणि त्या वेळी खेळायला कोणी तरी जागे मिळते ते ऑनलाइनच.

टेबलाभोवतीच्या खेळाची अडचण वेगळी. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या रक्तपेशी, विशेषतः जंतूंशी मुकाबला करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, किमान पातळीवर उतरतात, ज्याला वॉर्डात ‘काउंट खाली आले’ असे म्हणतात. कर्करोग फाशांमधून किंवा पत्त्यांमधून कोणाला लागत नाही, तरीही काही घरांत रुग्णापासून इतरांना जपले जाते. प्रत्यक्षात जपायचे असते ते रुग्णाला, मित्राच्या सर्दी-पडशापासून. खेळाचा वार त्या दोन आठवड्यांच्या पलीकडे ठेवणे, सर्दी झालेल्याने न येणे आणि हात धुणे, एवढ्यावर बरेचसे निभावते. अन्यथा तीच मंडळी त्या वारी व्हिडिओ कॉलवर जमू शकतात.

खेळाला निव्वळ वेळ घालवण्याचे साधन मानणारे आणि खेळाने रोग बरा होतो असे सांगणारे, हे दोन्ही पक्ष एकाच पुराव्यापाशी अडखळतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आणि स्वतः गेम खेळणाऱ्या पॅम ओमिड्यार यांनी २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या होपलॅब या संस्थेने ‘री-मिशन’ नावाचा खेळ तयार केला, ज्यात रॉक्सी नावाची सूक्ष्म यंत्रमानवी रुग्णाच्या शरीरात शिरून कर्करोगाच्या पेशींवर मारा करते आणि औषध चुकले तर काय होते हेही खेळाडूला दिसते. तेरा ते एकोणतीस वर्षे वयाच्या ३७५ रुग्णांवर, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील ३४ केंद्रांत त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २००८ मध्ये ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात आले. एका गटाला साधा साहसखेळ दिला होता, दुसऱ्याला त्यासोबत ‘री-मिशन’. दुसऱ्या गटातील रुग्णांनी संसर्गप्रतिबंधक गोळ्या अधिक नेमाने घेतल्या आणि रोगाविषयीचे त्यांचे ज्ञान व स्वतःवरचा भरवसा वाढला, पण मानसिक ताण किंवा एकूण जीवनमान यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. खेळाने गाठ लहान झाली असा दावा संशोधकांनी केलेला नाही. घरी गेल्यावर गोळ्या चुकवणे ही तरुण रुग्णांच्या बाबतीतली जुनी डोकेदुखी असल्याने एवढे फळही थोडे नाही. मात्र हे फळ त्या हेतूने घडवलेल्या खेळाचे होते, कोणत्याही खेळाचे नव्हे.

ऑनलाइन मैत्री खोटी असते, हा समज तर सुशिक्षितांमध्येही घट्ट आहे. अनेक जणांनी मिळून खेळायच्या खेळांत ‘गिल्ड’ म्हणजे कायमस्वरूपी चमू असतात, त्यांत एकाने मार झेलायचा, दुसऱ्याने जखमा भरायच्या, तिसऱ्याने हल्ला चढवायचा अशी कामे वाटलेली असतात, आणि ठरल्या वेळी एक जण आला नाही तर उरलेल्यांचे काम अडते. इस्पितळात ज्याच्याकडून कोणीही काही अपेक्षा करेनासे होते, त्या रुग्णाकडून येथे अपेक्षा केली जाते, आणि या नात्याचे मोल बरेचसे त्यातच आहे. ‘बॉर्डरलँड्स’ या खेळाच्या मायकल मॅमरिल या तरुण चाहत्याचे २०११ मध्ये कर्करोगाने निधन झाले, तेव्हा त्याच्या मित्राने खेळाच्या निर्मात्यांना पत्र लिहिले, आणि त्यांनी २०१२ च्या ‘बॉर्डरलँड्स २’ मध्ये त्याच्या नावाचे पात्र ठेवले, जे अधूनमधून भेटते आणि खेळाडूच्या हाती मोलाची शस्त्रसामग्री देऊन जाते.

खेळांच्या जगातला म्हणून रुग्णाला ‘ही शेवटची लेव्हल, जिंकायचीच’ असे सांगण्याचा मोह सर्वांना होतो, आणि येथेच खेळाची भाषा सर्वाधिक दिशाभूल करते, कारण त्या हिशेबाने मरण पावलेला प्रत्येक रुग्ण कमी पडला असे ठरते. टोटलबिस्किट या नावाने ओळखले जाणारे ब्रिटिश गेमसमीक्षक जॉन बेन यांना २०१४ मध्ये आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले, पुढे तो यकृतात पसरला, तरी ते खेळांची परखड परीक्षणे करत राहिले आणि २०१८ च्या मे महिन्यात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, मृत्यू येण्याच्या थोडेच आधी त्यांनी समीक्षेतून निवृत्ती जाहीर केली. त्यांच्या चिकाटीत उणेपणा शोधणे अशक्य आहे. औषधे निष्प्रभ झाली, कारण पेशींना खेळाचे नियम ठाऊक नसतात. रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकन दांपत्याने मेंदूच्या कर्करोगाने गेलेल्या आपल्या मुलावर २०१६ मध्ये केलेला ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा खेळ हेच दाखवतो, कारण त्यात खेळाडूने काहीही केले तरी शेवट बदलत नाही.

देणग्यांविषयीचा गोंधळही दूर करायला हवा. एखादा खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करून दाखवणाऱ्या खेळाडूंचा ‘ऑसम गेम्स डन क्विक’ हा आठवडाभराचा अमेरिकन कार्यक्रम अनेक वर्षे प्रिव्हेंट कॅन्सर फाउंडेशनसाठी निधी जमवत आला असून २०२२ मध्ये ही रक्कम ३४ लाख डॉलरच्या पुढे गेली होती. पण ही संस्था प्रतिबंध आणि लवकर निदान यांसाठी काम करते, त्यामुळे तो पैसा चमूतल्या आजारी सोबत्याच्या इस्पितळाच्या बिलापर्यंत पोहोचत नाही, आणि त्यासाठी त्याच्या मित्रांना वेगळीच वर्गणी काढावी लागते.