भाग ४७ : पंखा ओरडतो कशासाठी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, काही राहिले असतील.

मागच्या भागावर एका श्रोत्याने विचारलं, "पहिली बावीस मिनिटं मागे मिक्सर चालू होता, मग बंद केलात का?" मिक्सर नव्हता हो. तो माझ्या कॉम्प्युटरचा पंखा होता. तो बंदही केला नव्हता, नीट केला होता. आजचा भाग त्याबद्दल.

झालं असं, की आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे आली होती. तरुणपणी तिने रत्नागिरीला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, त्या दिवसांबद्दल तिला बोलतं करायचं होतं. रविवारच्या एसटीने ती परत जाणार. मंगळवारी टेबलावर माइक ठेवला, कॅमेराही लावला, आणि आत्या छान रंगात आली. रात्री हेडफोन लावून ऐकतो तर मागे हे :

[इथे पंख्याचं रेकॉर्डिंग आहे. आवाज हळूहळू चढतो, दहा-बारा सेकंदांनी उतरतो, परत चढतो.]

तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरने काढायचा की. ऑडॅसिटीमध्ये सोय आहे. नुसत्या घरघरीचा एक तुकडा निवडून द्यायचा, मग ते तसाच आवाज सगळीकडून वजा करतं. एकसुरी आवाज असेल तर उत्तम चालतं. पण माझा पंखा वेग बदलत होता. पंख्याला सात पाती, मिनिटाला २४०० फेरे. म्हणजे सेकंदाला ४० फेरे, गुणिले सात, २८० हर्ट्झ. वेग निम्मा झाला की १४०. बाईच्या बोलण्याचा मूळ स्वर दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे पंखा आत्याच्या आवाजावरूनच ये-जा करत होता. तो काढायला गेलो तर आत्या पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी यायला लागली.

मग मी चूक केली. बायोसमध्ये गेलो आणि पंख्याचा वेग 'सायलेंट'वर टाकला. खोली एकदम शांत! बुधवारी आत्याला म्हटलं, परत सांगशील का? तिने सांगितलं. आणि रेकॉर्डिंगमध्ये दर मिनिटाला आवाज तुटलेला. शब्दच्या शब्द गायब. कारण प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बऱ्याच प्रोसेसरांची ही मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. माझा तिथेच जाऊन बसला होता. एकीकडे व्हिडिओ, एकीकडे ऑडिओ, त्याला झेपेना.

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, आवाज येतोय म्हणून घंटी काढून ठेवलीस तर फोन कोणाचा होता ते कळणार कसं?" चाळीस वर्षं कानाला हेडफोन लावलेली बाई. गप्प बसलो.

तर आता मुद्द्याचं. पंखा आवाज करतोय म्हणजे नक्की कसला आवाज, हे आधी ऐका. आणि कुठला पंखा, तेही. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, पण आत निदान दोन-तीन पंखे असतात. वर्तमानपत्राची सुरळी करायची, एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याजवळ, पात्यांपासून लांब. लगेच कळतं. आवाज एसएमपीएसमधून येत असेल तर तो खोलू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. ते काम जाणकाराकडे द्या.

प्रोसेसरवरचाच पंखा असेल तर : टकटक म्हणजे बहुतेक एखादी वायर पात्याला लागतेय. ती बाजूला बांधली की संपलं. खरखर, आणि तीही सकाळी सुरू केल्यावर जास्त, म्हणजे बेअरिंग गेलं. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल सुकतं. स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला तर काही आठवडे, फार तर काही महिने ढकलता येतात, पण पंखा बदलायचाच असतो. (खोबरेल तेल टाकू नका. हसू नका, मी पाहिलंय. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि पुण्यात डिसेंबर येतो.)

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. स्वच्छ, जोरदार 'घोंss', तेही चढउतार करणारं. याचा अर्थ पंखा ठणठणीत आहे. तो ओरडत नाहीये, त्याला पळवलं जातंय. मदरबोर्ड तापमान बघतो आणि त्याप्रमाणे वेग ठरवतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो, म्हणून थोडं तापलं तरी कानाला फार जाणवतं. अशा वेळी नवा पंखा आणला तर तोही तेवढाच पळेल. दुकानदार देईल, त्याचं काय जातं.

म्हणून आधी तापमान बघा. विंडोजवर कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर, लिनक्सवर 'सेन्सर्स' ही कमांड. माझा आकडा काहीही न करता ६२ अंश होता, खोलीत ३१ असताना. खोलीपेक्षा थंड तर तो होऊच शकत नाही, त्यामुळे एप्रिलमधला आकडा जानेवारीशी लावू नका. पण रिकाम्या बसलेल्या जुन्या प्रोसेसरला खोलीपेक्षा ३१ अंश जास्त म्हणजे उष्णता बाहेर पडायची वाट कुठेतरी बंद आहे.

शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर डबा उघडला. वायर काढली, पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवलं, केसच्या पत्र्याला हात लावला. वरून पंखा तसा स्वच्छ दिसत होता. इथेच फसायला होतं. धूळ पंख्यावर नसते, पंखा आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये असते. पंखा सोडवला तर खाली अक्षरशः गोधडी, बोटाने उचलून निघेल इतकी जाड. ब्रशने काढली, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने तो वाटेल तसा फिरला तर बेअरिंग खराब होतं.

आणि दुसरी गोष्ट सापडली. कूलर चार काळ्या पिनांवर बसतो, त्यातली एक अर्धवट वर आलेली. म्हणजे एका कोपऱ्यात कूलर प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता. या पिना बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवून वर ओढल्या की सुटतात. बसवताना डोकं उलट फिरवून ठेवायचं आणि तिरप्या जोडीने दाबायच्या, 'टक' ऐकू येईपर्यंत. शेजारशेजारच्या दाबल्या तर कूलर कलतो आणि तिसरी बसत नाही. माझ्या मते आधी कोणीतरी हेच केलं होतं. तो कोणीतरी मीच, चार वर्षांपूर्वी.

कूलर उचलला की जुनी पेस्ट पुन्हा वापरायची नाही. सुकून खडू झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसायच्या, नवी पेस्ट मटाराच्या लहान दाण्याएवढी, मध्यभागी. लोणी लावल्यासारखी थापू नका. पेस्टचं काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटी भरायचं आहे.

रात्री दीडला सुरू केलं. रिकामा असताना ४१ अंश, व्हिडिओ चालू असताना ६८, पंखा १३०० फेऱ्यांवर. बायोसमधलं 'सायलेंट' काढून पहिल्यासारखं केलं, तरी शांत.

रविवारी एसटीला तीन तास होते. आत्या बसली, पण सुरुवातीचा भाग परत सांगायला तयार नव्हती. "दोनदा सांगितलं, आता तुला पाठ झालं असेल, तूच सांग." म्हणून पुढचं बोललो, आणि तेच तुम्ही बावीस मिनिटांनंतर ऐकलंत. त्याआधीचं मंगळवारचं आहे, पंख्यासकट. मी ते साफ केलं नाही. पत्र्याच्या डब्यातली आत्या मला नको होती.

तुमच्या पंख्याचा आवाज मला पाठवायचा असेल तर मोबाइल डब्याच्या बाजूला धरून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, आणि सोबत तापमान नक्की लिहा. दोन्ही असेल तरच काही सांगता येईल. भेटू पुढच्या भागात.